पीचट्री रस्त्यावरचा चित्रमहाल : ‘अटलांटा लँडमार्क्स’ची वाटचाल

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्याची राजधानी अटलांटा. या शहरात पीचट्री स्ट्रीट आणि पॉन्स डी लिऑन अव्हेन्यू हे रस्ते जिथे मिळतात, त्या कोपऱ्यावर फॉक्स थिएटरची भव्य वास्तू उभी आहे. कांद्याच्या आकाराचे घुमट, मिनार, नालाकृती कमानी आणि फिक्या-गडद विटांचे पट्टे असलेले तिचे दर्शनी रूप आसपासच्या काचेच्या इमारतींत चटकन ओळखू येते. २५ डिसेंबर १९२९ रोजी हे चित्रपटगृह सुरू झाले आणि पंचेचाळीस वर्षांनी ते जमीनदोस्त होण्याची वेळ आली. ती वेळ टळली ती १९७४ मध्ये स्थापन झालेल्या ‘अटलांटा लँडमार्क्स’ या ना-नफा संस्थेमुळे आणि तिच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या असंख्य नागरिकांमुळे. एक वास्तू वाचवण्यासाठी जन्मलेली ही संस्था पुढे त्या वास्तूची मालक झाली, चालक झाली आणि कालांतराने राज्यभरातल्या जुन्या नाट्यगृहांची मार्गदर्शकही झाली.

मशिदीच्या रूपातले सभागृह

या वास्तूची कल्पना मुळात चित्रपटगृहाची नव्हती. ‘श्राइनर्स’ या अमेरिकी बंधुसंघटनेच्या अटलांटामधील शाखेचे नाव ‘याराब टेंपल’. विसाच्या दशकात या शाखेची सभासदसंख्या पाच हजारांच्या घरात पोहोचली होती आणि तिला मुख्यालय व मोठे सभागृह हवे होते. संघटनेच्या विधींवर आणि पोशाखांवर अरबी संस्कृतीची छाप असल्याने इमारतही त्याच धर्तीची असावी असे ठरले. ‘मॅरी, अ‍ॅल्जर अँड व्हिनूर’ या वास्तुविशारद संस्थेने आराखडा केला. त्यातील कल्पक हात ऑलिव्हिए व्हिनूर यांचा होता. १९२८ मध्ये बांधकाम सुरू झाले.

काम जसजसे वर चढले तसतसा खर्च सभासदांच्या आवाक्याबाहेर गेला. तेव्हा शाखेने सभागृह विल्यम फॉक्स यांना भाडेकराराने दिले. फॉक्स हे न्यूयॉर्कचे बडे चित्रपट व्यावसायिक. देशभर एकाहून एक मोठे चित्रमहाल उभारण्याचा त्यांनी सपाटा लावला होता. त्यांच्या नावाने मूळच्या सभागृहाचे ‘फॉक्स थिएटर’ झाले. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला, तरीही दोन महिन्यांनी नाताळच्या दिवशी थिएटरचे दरवाजे ठरल्याप्रमाणे उघडले. त्या पहिल्या दिवशी प्रेक्षकांनी डिस्नेचा ‘स्टीमबोट विली’ हा मिकी माऊसचा बोलपट पाहिला. जोडीला मुख्य चित्रपट होता, रंगमंचावरचे कार्यक्रम होते, वाद्यवृंद आणि ऑर्गनही होता.

आत शिरलेल्या प्रेक्षकाला आपण छताखाली बसलो आहोत असे वाटतच नव्हते. साडेचार हजारांहून अधिक आसनांचे हे प्रेक्षागृह एखाद्या मूरिश किल्ल्याच्या मोकळ्या अंगणासारखे रचले आहे. चारी बाजूंनी तटबंदी, वर निळेशार आकाश, त्यात ९६ स्फटिकी तारे आणि दिव्यांच्या साहाय्याने सरकणारे ढग. सज्जावर पट्ट्यापट्ट्यांचे कापडी छत ताणल्याचा भास होतो. प्रत्यक्षात ते पोलाद आणि प्लास्टरचे असून मंचावरचा आवाज सज्जातील मागच्या रांगांपर्यंत पोहोचवण्याचे कामही करते. दिवाणखान्यातल्या लाकडी भासणाऱ्या तुळयाही रंगवलेल्या प्लास्टरच्याच आहेत. वरच्या मजल्यावरचे नृत्यदालन प्राचीन इजिप्तमधल्या मंदिराच्या धर्तीवर सजवले आहे. १९२२ मध्ये तुतनखामेनची कबर सापडल्यानंतर जगभर इजिप्तविषयी जे कुतूहल उसळले, त्याचे प्रतिबिंब इथल्या खुर्च्यांच्या कोरीव कामापासून स्तंभांच्या रंगांपर्यंत दिसते.

या सगळ्याचा मानबिंदू होता मोलर कंपनीने खास या थिएटरसाठी घडवलेला पाइप ऑर्गन. त्याला चार कळपट्ट्या आणि ३,६२२ नळ्या आहेत. सर्वांत मोठी नळी ३२ फुटांची, तर सर्वांत लहान नळी बोटभर लांबीची. मूकपटांच्या अखेरच्या काळात, वाद्यवृंदाच्या तोडीचे संगीत एका वादकाला देता यावे म्हणून असे ऑर्गन घडवले जात. अटलांटाच्या रसिकांनी याला लाडाने ‘मायटी मो’ असे नाव दिले.

दिवाळे, भरभराट आणि भिंत

मंदीने मात्र कोणालाच सोडले नाही. विल्यम फॉक्स यांच्या हातून त्यांची कंपनी गेली आणि उद्घाटनानंतर अवघ्या १२५ आठवड्यांनी, १९३२ मध्ये, थिएटर बंद पडले. थकलेल्या करांपोटी वास्तू शहराच्या ताब्यात गेली. १९३५ मध्ये नव्या मालकांकडे ती आली आणि हळूहळू रुळावर आली. चाळीसच्या दशकात तिला खरी भरभराट लाभली. नृत्यदालनात नामांकित वाद्यवृंद वाजू लागले. १९४७ पासून १९६८ पर्यंत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे दरवर्षीचे प्रयोग याच मंचावर झाले. ऑपेराचा तो आठवडा शहराच्या सांस्कृतिक वर्षातला मोठा सोहळा असे.

या वैभवाची दुसरी बाजूही इतिहासात नोंदलेली आहे. वर्णभेदाच्या कायद्यांमुळे कृष्णवर्णीय प्रेक्षकांना पुढच्या दाराने प्रवेश नव्हता. पॉन्स डी लिऑन अव्हेन्यूच्या बाजूला त्यांच्यासाठी वेगळी तिकीट खिडकी होती. बाहेरच्या भिंतीलगतचा उंच जिना चढून त्यांना सर्वांत वरच्या सज्जात बसावे लागे, आणि तो सज्जाही भिंतीने वेगळा केलेला होता. १२ नोव्हेंबर १९४६ रोजी डिस्नेच्या ‘साँग ऑफ द साउथ’चा पहिला खेळ वॉल्ट डिस्ने यांच्या उपस्थितीत इथे झाला. त्या चित्रपटात अंकल रीमसची मध्यवर्ती भूमिका करणारे कृष्णवर्णीय अभिनेते जेम्स बॅस्केट मात्र वर्णभेदाच्या या शहरात त्या सोहळ्याला हजर राहू शकले नाहीत. १९६२ मध्ये अटलांटातील चित्रपटगृहांतला हा भेद संपुष्टात आला. वास्तूचे जतन करताना हा इतिहास पुसायचा नाही, हेही जतनाचाच भाग आहे. म्हणून त्या जिन्याची आणि सज्जाची कहाणी आज वास्तूच्या इतिहासाचा भाग म्हणून सांगितली जाते.

पडझडीचा काळ

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या चित्रमहालांचे दिवस फिरले. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट निर्मिती कंपन्यांना स्वतःच्या चित्रपटगृहांच्या साखळ्यांपासून वेगळे होण्यास भाग पाडले. घरोघरी टीव्ही आला. मध्यमवर्ग मोटारी घेऊन उपनगरांत राहायला गेला आणि तिथल्या बाजारसंकुलांत छोटी, वाहनतळ असलेली चित्रपटगृहे निघाली. शहराच्या मध्यावर चार-पाच हजार खुर्च्यांचे थिएटर भरणे दुरापास्त झाले. खुर्च्यांपेक्षा खालच्या जमिनीची किंमत जास्त झाली.

एकामागून एक महाल कोसळू लागले. न्यूयॉर्कचे प्रचंड ‘रॉक्सी’ १९६० मध्ये पाडले गेले. सॅन फ्रान्सिस्कोचे ‘फॉक्स’ १९६३ मध्ये गेले. अटलांटातही ‘पॅरामाउंट’ १९६० मध्ये आणि ‘रॉक्सी’ १९७२ मध्ये भुईसपाट झाले. त्याच सुमारास शहरातले जुने टर्मिनल स्टेशनही पाडले गेले. या पडझडीतूनच देशात जाग येऊ लागली होती. १९६९ मध्ये बेन हॉल यांनी जुन्या थिएटरांच्या इतिहासाची नोंद ठेवणारी ‘थिएटर हिस्टॉरिकल सोसायटी’ स्थापन केली. त्याच वर्षी ओहायो राज्यातील कोलंबस शहरात नागरिकांनी पाडापाडीच्या तोंडावर आलेले ‘ओहायो थिएटर’ विकत घेऊन वाचवले. १९७० पासून क्लीव्हलँडमध्ये रे शेपर्डसन यांनी ‘प्लेहाउस स्क्वेअर’मधल्या बंद थिएटरांसाठी खटपट सुरू केली. या प्रयत्नांनी एक गोष्ट सिद्ध केली होती. चित्रपट चालले नाहीत म्हणून वास्तू निकामी होत नाही. तिला दुसरे काम देता येते.

अटलांटातही संस्थेची पाळेमुळे संस्थेच्या आधी रुजली होती. ‘मायटी मो’ पन्नासच्या दशकापासून मुका झाला होता. जो पॅटन यांनी थिएटर-ऑर्गनप्रेमी स्वयंसेवकांना हाताशी धरले. दिवसा चित्रपटांचे खेळ चालत, त्यामुळे काम रात्री उशिरा करावे लागे. कुजलेले चामडे बदलणे, तुटलेल्या तारा जोडणे, हजारो नळ्या तपासणे असे महिनोन्महिने चालले. १९६३ मध्ये ऑर्गनवादक बॉब व्हॅन कँप यांच्या बोटांखाली ऑर्गन पुन्हा गर्जला. या कामाने ऑर्गन तर परत मिळालाच, शिवाय वास्तूचा कानाकोपरा जाणणारी, तिच्यासाठी वेळ द्यायला तयार असलेली माणसे एकत्र आली. दहा वर्षांनी त्यांचीच गरज पडली.

‘फॉक्स वाचवा’

१९७४ मध्ये सदर्न बेल या टेलिफोन कंपनीने आपल्या नव्या मुख्यालयासाठी फॉक्सच्या जागेवर नजर ठेवल्याची बातमी फुटली. थिएटर पाडून तिथे गगनचुंबी इमारत उभी राहणार होती. पॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अटलांटा लँडमार्क्स’ ही संस्था उभी केली आणि ‘सेव्ह द फॉक्स’ या नावाने मोहीम सुरू झाली. शाळकरी मुलांनी रस्त्यावर फलक धरले. सह्यांच्या मोहिमेत हजारो नागरिक सामील झाले. कलावंतांनी आवाज उठवला. ज्यांची पहिली भेट, पहिला ऑपेरा किंवा पहिला चित्रपट इथे झाला होता, अशा सामान्य कुटुंबांनी छोट्या छोट्या देणग्या पाठवल्या. मे १९७४ मध्ये वास्तूचा समावेश ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय सूचीत झाला. या नोंदीने मान मिळाला, पण खासगी मालकाला पाडकामापासून रोखण्याची ताकद त्या सूचीत नव्हती.

प्रत्यक्ष वेळ मिळवून दिला तो महापालिकेने. जानेवारी १९७४ मध्ये महापौरपदी आलेले मेनार्ड जॅक्सन हे अटलांटाचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. त्यांच्या प्रशासनाने पाडकामाचा परवाना काही काळ रोखून धरला आणि त्या मुदतीत तोडगा काढा असे सर्व पक्षांना सांगितले. ज्या थिएटरात बारा वर्षांपूर्वीपर्यंत त्यांच्या समाजाला मागच्या जिन्याने चढावे लागे, त्या थिएटरला जगण्यासाठी सवड मिळाली ती त्यांच्या कारकिर्दीत. ही नोंद शहराच्या इतिहासात महत्त्वाची आहे.

२ जानेवारी १९७५ रोजी नियमित चित्रपटांचा अखेरचा खेळ झाला आणि फॉक्स बंद झाले. वाटाघाटी मात्र सुरू राहिल्या. तोडगा साधा होता, पण तो जुळवून आणणे कठीण होते. कंपनीला इमारतीसाठी जागा हवी होती, थिएटरच हवे होते असे नाही. आसपासच्या भूखंडांची जुळवाजुळव आणि अदलाबदल करून कंपनीला थिएटरच्या मागची जागा मिळवून द्यायची आणि थिएटर संस्थेकडे घ्यायचे, असे ठरले. स्थानिक बँकांनी एकत्र येऊन १८ लाख डॉलरचे कर्ज दिले आणि १९७५ च्या मध्याला वास्तू ‘अटलांटा लँडमार्क्स’च्या नावावर झाली. कर्ज तीन वर्षांत फेडायचे होते. ते फिटले नाही तर सारेच गमावण्याची वेळ येणार होती. कंपनीचा मनोरा पुढे थिएटरच्या पाठीमागे उभा राहिला. आज दोन्ही वास्तू एकमेकींना लागून उभ्या आहेत.

कर्जफेडीची तीन वर्षे

संस्थेकडे वास्तू होती, पण पैसा नव्हता. छत गळत होते, गालिचे विरले होते, रंग उडाला होता. विश्वस्तांनी ठरवले की आधी थिएटर चालवायचे आणि चालवता चालवता दुरुस्त करायचे. संगीताच्या मैफली, फिरत्या नाटकांचे प्रयोग, नृत्य, जुन्या चित्रपटांचे खेळ, नृत्यदालनातले समारंभ, जे जमेल ते कार्यक्रम घेतले गेले. जुलै १९७६ मध्ये लिनर्ड स्किनर्ड या दक्षिणेतल्या लोकप्रिय रॉक चमूने इथे सलग तीन रात्री मैफली केल्या. त्यांचे ध्वनिमुद्रण ‘वन मोर फ्रॉम द रोड’ या नावाने निघाले आणि फॉक्सचे नाव देशभरच्या तरुणांपर्यंत गेले. त्याच वर्षी वास्तूला ‘राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू’ हा अमेरिकेतला सर्वोच्च दर्जा मिळाला.

१९७८ मध्ये, मुदतीच्या आत, कर्ज पूर्ण फिटले. त्याच वर्षीच्या जानेवारीत अटलांटातल्या ‘लोज ग्रँड’ थिएटरला आग लागली आणि पुढे ते पाडले गेले. १५ डिसेंबर १९३९ रोजी ‘गॉन विथ द विंड’चा पहिला खेळ झाला तो तिथेच. १९३२ मध्ये त्या थिएटरची नव्याने रचना करणारे वास्तुविशारद टॉमस लँब यांचे नाव मुंबईकरांनाही परके नाही. धोबीतलावचे १९३८ चे ‘मेट्रो’ त्यांच्याच आराखड्यातून उभे राहिले. एका शहरात एकाच वर्षी एक महाल कर्जमुक्त झाला आणि दुसरा कायमचा गेला. फॉक्ससाठी धडपडलेल्या प्रत्येकाला आपण काय वाचवले हे त्या वर्षी उमगले.

वास्तूचा जीर्णोद्धार, संस्थेची वाढ

कर्जातून मोकळे झाल्यावर खरे जतन सुरू झाले. संस्थेने बाहेरच्या कंत्राटदारांवर विसंबून न राहता स्वतःचा जीर्णोद्धार विभाग उभारला. रंगाचे थर एकेक करून खरवडायचे, मूळ रंग शोधायचे, जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहायचे आणि मगच ब्रश हाती घ्यायचा, ही पद्धत रूढ झाली. मूळ नमुन्यानुसार गालिचे पुन्हा विणून घेतले गेले. फर्निचर, झुंबरे, प्लास्टरची नक्षी यांची क्रमाक्रमाने डागडुजी झाली. त्याचबरोबर मंचामागची यंत्रणा, ध्वनी आणि प्रकाश व्यवस्था आधुनिक केली गेली, कारण मोठ्या ब्रॉडवे प्रयोगांना सामावून घेता आले तरच वास्तूचा खर्च भागणार होता. अटलांटा बॅलेचा ‘नटक्रॅकर’ कित्येक वर्षे इथे रंगला. उन्हाळ्यातल्या चित्रपटांच्या खेळांना सुरुवात होण्यापूर्वी ‘मायटी मो’ आजही मंचाजवळ वर उचलला जातो.

संकटे संपली नव्हती. एप्रिल १९९६ मध्ये पहाटे इमारतीच्या कार्यालयीन भागात आग लागली. १९७९ पासून जो पॅटन इमारतीतच, त्यांनी स्वतः राहण्याजोग्या केलेल्या दालनांत राहत होते. त्यामुळे आग लवकर लक्षात आली, अग्निशमन दलाने ती आटोक्यात आणली आणि प्रेक्षागृह बचावले. कार्यालये आणि लगतचा भाग पुन्हा बांधावा लागला. २०१० मध्ये पॅटन यांच्या वास्तव्यावरून संस्थेत मतभेद झाले आणि ते जाहीरही झाले. नंतर ते मिटले आणि पॅटन आपल्या घरीच राहिले. एप्रिल २०१६ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर आठवडाभरात, १४ एप्रिल रोजी, गायक प्रिन्स यांनी याच मंचावर एकट्याने पियानो वाजवत दोन मैफली केल्या. त्या त्यांच्या अखेरच्या मैफली ठरल्या.

एका वास्तूकडून अनेकांकडे

२००८ मध्ये संस्थेने ‘फॉक्स थिएटर इन्स्टिट्यूट’ हा उपक्रम सुरू केला. जॉर्जियातल्या लहान गावांतही विसाव्या शतकाच्या सुरुवातीची नाट्यगृहे आणि चित्रपटगृहे होती. काही बंद होती, काही गोदामे झाली होती. त्यांच्या चालकांकडे इच्छा होती, पण अनुभव आणि निधी नव्हता. फॉक्सने तीस वर्षांत जे शिकून घेतले, ते या गावांना देण्याचे काम या उपक्रमाने अंगावर घेतले. प्लास्टर कसे सांधावे, छताची पाहणी कशी करावी, अनुदानाचा अर्ज कसा लिहावा, फिरते कार्यक्रम एकत्रितपणे कसे ठरवावेत, असे सारे मार्गदर्शन आणि दुरुस्तीसाठी प्रत्यक्ष आर्थिक साहाय्य दिले जाऊ लागले.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीने दरवाजे बंद केले. तिकीटविक्रीवरच उभ्या असलेल्या संस्थेसाठी ही कर्जफेडीच्या वर्षांनंतरची सर्वांत कठीण परीक्षा होती. एक वर्षाहून अधिक काळ मंच रिकामा राहिला. तरीही वास्तूची निगा थांबली नाही आणि कार्यक्रम पुन्हा सुरू झाले तेव्हा प्रेक्षक परतले.

फॉक्सच्या वाटचालीतून जो वस्तुपाठ मिळतो, तो आपल्याकडेही लागू पडणारा आहे. मुंबईतल्या ‘रिगल’ आणि ‘इरॉस’ या चित्रपटगृहांचा समावेश असलेला व्हिक्टोरियन व आर्ट डेको वास्तुसमूह २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. सूचीतले नाव ही सुरुवात असते. वास्तू टिकते ती तिच्यात रोज काहीतरी घडत राहिल्याने, त्या घडण्याचा हिशेब नीट ठेवल्याने आणि तिचे काम अंगावर घेणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या तयार होत राहिल्याने. अटलांटात ती माणसे ऑर्गनच्या नळ्या पुसणाऱ्या स्वयंसेवकांपासून कर्ज देणाऱ्या बँकांपर्यंत, फलक धरणाऱ्या विद्यार्थ्यांपासून परवाना रोखणाऱ्या महापौरांपर्यंत सर्व थरांतली होती.

डिसेंबर २०२९ मध्ये फॉक्स थिएटरला शंभर वर्षे पूर्ण होतील. पाडून टाकण्यासाठी ठरलेल्या या वास्तूने तोपर्यंत आपल्या आयुष्याचा निम्म्याहून अधिक काळ नागरिकांनी उभारलेल्या संस्थेच्या हाती काढलेला असेल. वर्षभर भरगच्च कार्यक्रम, स्वतःचे कुशल कारागीर आणि राज्यभरातल्या नाट्यगृहांशी जोडलेले नाते घेऊन ही संस्था थिएटरच्या शताब्दीकडे पाऊल टाकत आहे.